काळे मणी आधी संपतात

पेटीवर '२४ रंग' असं ठळक छापलेलं असलं की ती विकायला मला तोंड उघडावं लागत नाही. आई पेटी उचलते, बाबा मागची किंमत बघतात, मुलाने तोवर ती छातीशी धरलेली असते. पंधरा-वीस दिवसांनी तीच आई परत येते. "काकू, काळे मणी सुटे मिळतील का हो? आणि पांढरेही." पेटीत जांभळे, पोपटी, किरमिजी, राखाडी मणी भरपूर शिल्लक असतात. चित्र मात्र डोळ्यांपाशी अडलेलं असतं.

आमचं दुकान सांगलीत आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे लोकर, भरतकामाचे धागे, मॅटीचं कापड, बटणं आणि साडीचे फॉल मिळायचे. अजूनही मिळतात, पण निम्म्या फळ्या आता मुलांच्या हस्तकलेच्या सामानाने अडवल्या आहेत. सुट्टीत मागच्या खोलीत मी मुलांना घेऊन बसते. त्यामुळे कुठली पेटी घरी जाऊन चालते आणि कुठली आठवड्यात माळ्यावर जाते, हे मला विकणारी म्हणूनही कळतं आणि शिकवणारी म्हणूनही. फ्यूज बीड्सच्या बाबतीत, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांच्या भाषेत 'इस्त्रीच्या मण्यां'च्या बाबतीत, पेटीवर जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याचा निवडीला फारसा उपयोग नसतो. उपयोगाचं सगळं बारीक अक्षरात असतं, नाहीतर छापलेलंच नसतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्ट्रॉचे बारीक तुकडे करावेत तसे हे प्लॅस्टिकचे मणी, दोन्ही बाजूंनी उघडे. सोबत बारक्या खुंट्यांचा एक बोर्ड असतो. मूल एकेक मणी खुंटीवर उभा बसवतं आणि चित्र तयार करतं. मग वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची. मण्यांच्या कडा वितळून एकमेकींना चिकटतात आणि चित्र एकसंध होऊन बोर्डवरून सुटतं. गोंद नाही, दोरा नाही. त्याची किल्ली-साखळी करा, फ्रिजवर लावायला मागे चुंबक चिकटवा, नाहीतर पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

मुलांच्या खेळण्यांत मोडणारी ही वस्तू निघाली होती मात्र म्हाताऱ्या माणसांसाठी. १९५०च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमधल्या वेलिंगे गावच्या गुन्नार क्नुटसन यांनी असे मणी तयार केले ते वृद्धांच्या उपचारासाठी, हाताला आणि मनाला काम मिळावं म्हणून. पुढे मुलांनी ते पळवले. आज यातलं सर्वांत परिचित नाव हामा. ही कंपनी डेन्मार्कमध्ये मॉर्स बेटावरच्या निकोबिंग गावची. अमेरिकेत पर्लर हे नाव चालतं, आयकिया 'पिस्ला' नावाने विकते, आणि चीनहून येणारे बिननावाचे आणि नावाचे मणी तर मोजायलाच नकोत. आजी-आजोबा नातवंडांसाठी घ्यायला येतात तेव्हा मी हा वृद्धांच्या उपचाराचा इतिहास मुद्दाम सांगते. कधी कधी दोन बोर्ड खपतात.

निवडीला सुरुवात मण्याच्या जाडीपासून करायची. रंग नंतर. बाजारात मुख्यतः तीन मापं आहेत. १० मिलिमीटरचा मोठा मणी, ५ मिलिमीटरचा मधला आणि २.५ ते २.६ मिलिमीटरचा बारीक. हामा यांना मॅक्सी, मिडी आणि मिनी म्हणते आणि त्यासाठी वयं सांगते ती अशी: मोठा तीन वर्षांपासून, मधला पाचपासून, बारीक दहापासून. माझा अनुभव याच्याशी जुळतो. फक्त एवढंच म्हणेन की वयापेक्षा मुलाची चिमूट बघा. भाताचं शीत ताटातून दोन बोटांनी उचलणारं चार वर्षांचं मूल मधल्या मण्यावर आरामात बसतं. सात वर्षांचं एखादं मूल तासभर झगडून शेवटी कोपराने बोर्ड उलटा करतं.

अडचण बारीक मण्यांची आहे. गेल्या काही वर्षांत या २.६ मिलिमीटरच्या पेट्या फार आल्या आहेत. दिसायला सुंदर. खाने-खाने केलेल्या डब्यात पस्तीस-चाळीस रंग, सोबत चिमटा, किंमत मधल्या मण्यांच्या पेटीहून कमी. आई-बाबांना वाटतं, एवढे रंग, शिवाय स्वस्त. पण माप अर्धं झालं की तेवढ्याच जागेत चौपट मणी बसतात. मधल्या मण्यांचा नेहमीचा मोठा चौकोनी बोर्ड २९ बाय २९ खुंट्यांचा असतो, म्हणजे पूर्ण भरायला ८४१ मणी. बारीक मण्यांचा साधारण तेवढाच बोर्ड ५२ बाय ५२चा मिळतो. तो भरायला २,७०४ मणी लागतात आणि प्रत्येक मणी चिमट्याने. हे काम तेरा-चौदा वर्षांची मुलगी मन लावून करते, तिची कॉलेजातली बहीण तिच्याहून मन लावून करते. पहिलीतल्या मुलाला ते दिलं तर पहिल्या संध्याकाळी बाबा बसतात आणि मूल टीव्ही बघतं. शिवाय बारीक मणी इस्त्रीखाली क्षणात वितळतात, तिथेही सरावाचा हात लागतो. पेटी हातात घेतल्यावर पहिल्यांदा मिलिमीटर शोधा. ते लिहिलेलंच नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही माहीत नसेल तर पेटी परत ठेवा.

घरात रांगणारं भावंड असेल तर प्रश्न वेगळा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांची जी चाचणी असते, तिच्यात ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयाला धोक्याची, कारण ती घशात अडकू शकते. दहा मिलिमीटरचा 'मोठा' मणीसुद्धा त्यात सहज मावतो. म्हणजे मोठा मणी हा तीन वर्षांच्या हाताला सोपा, पण सव्वा वर्षाच्या तोंडाला सुरक्षित नाही. मधले मणी नाकात आणि कानात जातात. तसं झालं तर घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, मणी आणखी आत सरकतो. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि मणी मांडायला जमिनीऐवजी काठाचं ताट वापरा. पोहे निवडायची पसरट परात आमच्या मागच्या खोलीत याच कामाला आहे.

आता त्या काळ्या मण्यांकडे येते. हे गणित मी दुकानात कागदावर करून दाखवते, कारण तोंडी पटत नाही. २९ बाय २९च्या बोर्डला नुसती एका मण्याची काळी चौकट करायची तर किती मणी लागतील? चार बाजू, प्रत्येकी २८, म्हणजे ११२. आता 'दहा रंग, १००० मणी' असं लिहिलेली पेटी घ्या. समान वाटणी असेल तर प्रत्येक रंगाचे १००. म्हणजे पहिल्याच चित्राची चौकट पुरी व्हायच्या आत काळे बारा मणी कमी पडतात, आणि अजून आत काहीच काढलेलं नाही. मुलांना काढायची असतात कार्टूनमधली माणसं आणि प्राणी. त्या प्रत्येकाला काळी कड हवी, काळे डोळे हवेत, पांढरी पार्श्वभूमी हवी. फिकट पोपटी कुणालाच नको असतो. रंगांचा आकडा वाढवायला कारखान्याला काही पडत नाही आणि झाकणावर तो शोभून दिसतो. काळे दुप्पट घातले म्हणून पेटी जास्त विकली जात नाही.

म्हणून पेटीची किंमत भागिले मण्यांची संख्या करा आणि मग रंगांत वाटणी कशी आहे ते बघा. समजा ९०० रुपयांना २४ रंगांचे २,४०० मणी आहेत. एक मणी साडेसदतीस पैशांना पडला, आणि त्यातले दोन-तृतीयांश तुम्हाला नको आहेत. त्यापेक्षा एक बोर्ड, काळ्याचं मोठं पाकीट, पांढऱ्याचं मोठं पाकीट आणि मुलाने स्वतः बोट दाखवलेले पाच-सहा रंग हे अधिक दिवस चालतं. काही पाकिटांवर संख्या नसते, नुसतं वजन असतं. मधल्या मापाचे १००० मणी साधारण ६० ग्रॅम भरतात, त्यावरून अंदाज घ्या. सगळे रंग एकत्र मिसळलेली मोठी बरणी स्वस्त पडते हे खरं. पण मग रंग वेगळे करत बसायची तयारी हवी. काही मुलांना ते चित्राहून जास्त आवडतं. तुमचं मूल तसं असेल तर बरणी जरूर घ्या, पावसाळ्याच्या दोन रविवारांची सोय होते.

परदेशी पेट्या एवढ्या महाग का, असं विचारणाऱ्यांना सांगते. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७० टक्के. डॅनिश मण्याची किंमत बघून दुकानदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

बोर्डबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिला बोर्ड चौकोनी आणि पारदर्शक घ्यावा. हत्ती, फुलपाखरू, हृदय अशा आकाराचे बोर्ड चार-पाच वर्षांच्या मुलांना बरे, कारण नमुना न बघता नुसता आकार भरला तरी काहीतरी दिसतं. पण हत्तीच्या बोर्डवर हत्तीच होतो. तिसऱ्या हत्तीनंतर मूल उठतं. चौकोनी बोर्डवर काहीही होतं, आणि बऱ्याच बोर्डांच्या कडा एकमेकांत अडकतात, त्यामुळे पुढे मोठं चित्र करता येतं. पारदर्शक असला तर खाली नमुन्याचा कागद सरकवता येतो, मोजत बसावं लागत नाही. फक्त वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड एकमेकांत अडकतीलच असं नाही. दुसरा घेताना पहिला सोबत आणा.

नमुन्यांसाठी पैसे खर्च करू नका. पेटीसोबत येणारी पुस्तिका दोन दिवसांत संपते, पण चौकटींवर मोजून केलेलं कुठलंही चित्र इथे चालतं. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी पूर्वी मॅटीवर क्रॉस स्टिच करायच्या. त्यांनी रुखवतासाठी केलेल्या राघूच्या जोडीचा नमुना अजून जपून ठेवला होता, घड्यांवर पिवळा पडलेला, चौकटीत फुल्या मारलेला. नातीने त्यावरून मण्यांचे राघू केले, काहीही न बदलता. एक फुली म्हणजे एक मणी. ज्या घरात अशी जुनी भरतकामाची पुस्तकं आहेत त्या घराला वर्षभराचे नमुने फुकट मिळाले म्हणायचे.

आणि दुसरं भांडार म्हणजे जुने व्हिडिओ गेम. त्या काळी पडद्यावर ठिपके इतके कमी असायचे की माणूसदेखील मोजक्या चौकटींत बसवावा लागायचा. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने आणलेल्या 'स्पेस इनव्हेडर्स'मधला खेकड्यासारखा परग्रहवासी घ्या. ११ चौकटी रुंद, ८ उंच, आणि त्यात भरलेल्या चौकटी फक्त ४६. एकच रंग. पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाला मी हाच देते. चित्र अर्ध्या तासाच्या आत होतं, इस्त्री लगेच होते, आणि बाबांना तो ओळखू येतो, त्यामुळे घरी गेल्यावर त्यावर बोलणंही होतं. चौकटीच्या गणिताच्या वहीत तो आधी पेन्सिलीने उतरवता येतो. त्यानंतर मुलं स्वतःची चित्रं त्याच वहीत काढायला लागतात, मला सांगावं लागत नाही.

इस्त्रीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या पेट्या इथेच फसतात. हे मणी बहुधा पॉलिथिनचे असतात आणि ते साधारण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. इस्त्रीच्या तबकडीवरचं 'कॉटन' याच्या जवळजवळ दुप्पट, २०० अंशांच्या घरात असतं. तिथे ठेवली तर वरचा थर पाण्यासारखा होतो आणि खालचा कच्चा राहतो. दोन ठिपक्यांवर किंवा 'वूल'वर ठेवा. वाफ बंद. खरं तर आपल्या घरातली साधी, वाफ नसलेली इस्त्री या कामाला जास्त चांगली, कारण वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात आणि त्या जागचे मणी कच्चे राहतात. तशीच असेल तर ती सतत फिरती ठेवायची.

गादीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर हे करायचं नाही. खालची जागा मऊ असली की बोर्ड हलतो आणि मणी घरंगळतात. टेबल घ्या, नाहीतर सपाट पाट घ्या आणि त्यावर एकच सुती कापड. मण्यांवर कागद ठेवायचा तो केक भाजताना डब्यात घालतात तो. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून त्याची गुंडाळी मिळते. मेणाचा कागद आणला तर मेण इस्त्रीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या शर्टाला. पेटीत मिळतो तो एक छोटा तुकडा असतो. त्यावर सुरकुत्या पडल्या की त्या मण्यांवर उमटतात, म्हणून गुंडाळी घरात असलेली बरी.

इस्त्री दाबायची नाही, नुसती गोल गोल फिरवायची. दहा-पंधरा सेकंदांत कागदातून मण्यांची वर्तुळं स्पष्ट दिसायला लागतात, कागद जागेवर धरतो. थांबा आणि बघा. मण्याचं भोक थोडं आक्रसलेलं पण उघडं दिसलं की झालं. भोक पूर्ण बुजेपर्यंत गेलात तर चित्र गुळगुळीत दिसतं खरं, पण खुंट्यांना चिकटायची भीती असते. मोठ्या मण्यांना उष्णता वाढवून चालत नाही, वेळ वाढवावा लागतो. मग कागदासकट वर जाडजूड पुस्तक ठेवा. गार होताना प्लॅस्टिक आकसतं आणि वजन नसेल तर चित्राच्या कडा वर वळतात. पूर्ण गार झाल्यावर कागद सोडवा, चित्र उलटं करा, दुसऱ्या बाजूने पुन्हा हेच. मागची बाजू टाळली तर फ्रिजवरचा वाघ पहिल्यांदा खाली पडल्यावर शेपटी सोडतो.

मोठं चित्र असेल तर आणखी एक युक्ती आहे, तिने बोर्डचं आयुष्य वाढतं. चित्र झाल्यावर त्यावर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी शेजारी-शेजारी लावा, थोडी एकमेकींवर चढवून. नखाने दाबून घ्या. मग सगळं उलटं करून बोर्ड अलगद वर उचला. मणी चिकटपट्टीवर उभे राहतात आणि इस्त्री थेट त्यांच्यावर करता येते, अर्थात कागद ठेवूनच. बोर्डला उष्णता लागतच नाही. पट्टीला टाचणीने भोकं पाडली की आतली हवा निघून जाते.

एका गृहस्थांनी मुलाने केलेला मोर बोर्डसकट कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे नेला होता. कोळशाची इस्त्री. तिची उष्णता कुठल्या तबकडीने कमी करणार? परत आला तेव्हा मोर आणि बोर्ड एकच झाले होते. मुलाला त्याचं काही वाटलं नाही, तो म्हणाला आता हा पडत नाही.

इस्त्री मोठ्यांनीच करायची, हे सांगायला नको. मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत मी तरी ती हातात देत नाही. मात्र त्याने शेजारी उभं राहून 'आता थांबा' म्हणावं, हे काम त्याचं. मुलं यात आपल्यापेक्षा सावध असतात.

पेटीवर आयएसआयचा शिक्का बघा, हे मी खालच्या पट्टीत सांगत नाही, ठासून सांगते. खेळण्यांच्या दर्जाचा केंद्र सरकारचा आदेश २०२०चा, तो १ जानेवारी २०२१पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणन सक्तीचं झालं. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांचं मानक आयएस ९८७३. त्याच्या वेगवेगळ्या भागांत टोकदारपणा आणि बारीक तुकडे, पेट घेण्याचा धोका, शिसं आणि त्यासारखी धातूद्रव्यं, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स अशा तपासण्या आहेत. शिक्क्याजवळ परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकून खरा-खोटा बघता येतो. सुट्या पिशवीतून वजनावर मिळणाऱ्या मण्यांवर यातलं काहीच नसतं. ते कशाचे आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. असे मणी घेतलेच असतील तर पहिले दोन-तीन मणी एकटे इस्त्रीखाली घालून बघा. पॉलिथिनला फिका मेणासारखा वास येतो. घशाला खवखवणारा, झोंबणारा वास आला तर खिडकी उघडा आणि पिशवी फेकून द्या. खिडकी तशीही उघडीच असावी.

इस्त्रीची कटकट नको म्हणून पाण्याने चिकटणारे मणी मागणारी गिऱ्हाइकं बरीच असतात. हे मणी गोल असतात, मांडून त्यांवर पाण्याचा फवारा मारला की वरचा थर ओला होऊन ते एकमेकांना धरतात. त्यांचा एक जुना प्रसंग ठाऊक असलेला बरा. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या मूस कंपनीचे 'बिंडीझ' मणी तिथलं त्या वर्षीचं उत्कृष्ट खेळणं ठरले होते. अमेरिकेत तेच 'ॲक्वा डॉट्स' म्हणून विकले जात होते. मग ते गिळलेली काही मुलं बेशुद्ध पडली. तपासात निघालं की चीनमधल्या उत्पादनात ठरलेल्या १,५-पेंटेनडायॉलच्या जागी १,४-ब्युटेनडायॉल वापरलं गेलं होतं. हे रसायन पोटात गेलं की शरीर त्याचं जीएचबी या गुंगी आणणाऱ्या पदार्थात रूपांतर करतं. नोव्हेंबरमध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले, एकट्या अमेरिकेत सुमारे ४२ लाख संच. पुढे मूसने रसायन बदलून आणि मुलांनी तोंडातून थुंकून टाकावेत म्हणून कडू चव घालून ते पुन्हा आणले. आजचे सगळे पाण्याचे मणी वाईट असं मी म्हणत नाही. पण इथे शिक्का आणि कंपनीचं नाव यांवर मी जास्त कडक आहे, कारण यात चिकटण्याचं रसायन मण्यावरच असतं. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात हे मणी पाकिटातच एकमेकांना धरतात आणि तयार चित्र खिडकीत ठेवलं तर चिकट होतं. कोकणातल्या भाच्यांना पाठवायचे असतील तर इस्त्रीचेच पाठवा.

आणि पाण्यात टाकले की फुगून लिंबाएवढे होणारे ते जेलीचे मणी, ते तिसरंच काहीतरी. लहान मुलाने गिळले तर आतड्यात फुगून मार्ग अडवतात. ते आम्ही ठेवत नाही.

शेवटी नावाचं सांगते, कारण प्रत्येक मुलाला दप्तराला लावायला आपलं नाव हवं असतं आणि पुस्तिकेत फक्त इंग्रजी अक्षरं असतात. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, त्यामुळे मागे भरीव पार्श्वभूमी घालून ती जोडावी लागतात. त्यात पांढरे मणी पुन्हा संपतात. मराठीत तो प्रश्नच नाही. वर शिरोरेषा आहे, सगळी अक्षरं तिला लटकलेली, त्यामुळे नाव आपोआप एकसंध सुटून येतं. शिरोरेषा मात्र दोन मण्यांची जाड घ्या. दप्तर आपटलं की सगळा ताण तिच्यावर येतो. तिच्याखाली आठ-नऊ मण्यांची उंची अक्षराला पुरते, वर चार वेलांटीला, खाली तीन उकाराला. २९ खुंट्यांत तीन अक्षरं बसतात, 'वेदांत' किंवा 'सायली' येते. 'ज्ञानेश्वरी'ला दोन बोर्ड जोडावे लागतात.

अडतं ते दोन ठिकाणी. मणी गोल असतो, त्यामुळे तो वर-खाली आणि आजूबाजूला शेजाऱ्याला टेकतो, पण तिरप्या दिशेला फट राहते. 'र'ची शेपटी तिरपी काढली तर इस्त्रीनंतर ती पहिल्या झटक्यात तुटते. म्हणून तिरपी रेषा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायची, प्रत्येक पायरीला एक जास्तीचा मणी देऊन. दुसरं ठिकाण अनुस्वार. 'वेदांत'चा ठिपका कागदावर हवेत असतो, इथे हवेत राहिला तर इस्त्रीनंतर वेगळाच हातात येतो. त्याला शिरोरेषेवर बसवा. तो जरा खाली आल्यासारखा दिसतो, शाळेतल्या बाई शुद्धलेखन म्हणून चालवून घेतात.

दिवाळीत याच मण्यांची पणतीखाली ठेवायची चटई करायची टूम निघते. ११० अंश लक्षात असू द्या आणि पणती मातीच्या बशीत ठेवा. गरम चहाच्या पेल्याला मात्र काही होत नाही, त्यामुळे पेल्याखालच्या चौकोनी चकत्या बिनधास्त करा. आणि कुणाच्या मुलाला वाढदिवसाला ही पेटी द्यायची असेल, तर त्या घरात इस्त्री कोण करतं आणि त्या माणसाला रविवारी वेळ असतो का, ते आधी हळूच विचारून घ्या. इस्त्री बाहेरच देत असतील तर माझ्याकडे रंगीत चिकणमातीचे चांगले डबे आहेत.